कितीपैकी किती? पंचविसाव्या आठवड्यातलं बाळ आणि दवाखान्या-दवाखान्यातला फरक

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका भावाचा आहे. बहीण पहिलटकरीण. सासर हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगडकडचं. सातवा लागला म्हणून ओटी भरून माहेरी आणली आणि चार दिवसांत पोटात कळा यायला लागल्या. तालुक्याच्या गावी दाखवलं, तर पिशवीचं तोंड उघडायला लागलंय, बाळंतपण कधीही होईल, असं सांगितलं. घरच्या हिशेबाने सातवा महिना, पहिल्या सोनोग्राफीच्या हिशेबाने पंचवीस आठवडे आणि चार दिवस. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं लहान बाळ जगत नाही, आपण आईला सांभाळू. बेळगावात एका दवाखान्यात म्हणाले, आमच्याकडची अशी दहातली सात बाळं घरी जातात. दुसऱ्यात म्हणाले, निम्मी. कोल्हापूरचे पाहुणे म्हणतात, इकडेच आणा. यातलं खरं कोण, खोटं कोण आणि बहिणीला न्यायचं कुठे, असं त्यांनी विचारलं आहे.

मी वीसहून अधिक वर्षं हीच बाळं सांभाळतो आहे, त्यातली बहुतेक याच पट्ट्यात. उत्तर लांब होणार आहे, म्हणून आजच्या आज करायचं ते आधी सांगतो.

बहिणीला ज्या दवाखान्यात बाळंतपणाची खोली आणि अतिलहान बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छपराखाली आहे तिथे हलवा, आणि बाळ पोटात असतानाच हलवा. निघण्यापूर्वी तिथल्या डॉक्टरांना विचारा की बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉईडचं इंजेक्शन दिलं का. दिलं नसेल तर पहिला डोस तिथेच देऊन पाठवायला सांगा. चोवीस ते चौतीस आठवड्यांत मुदतीआधी बाळंतपण होण्याची चिन्हं असली तर हा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं, असं केंद्र सरकारनेच २०१४ मध्ये ठरवून दिलं आहे. उपकेंद्रातल्या नर्सताईंनाही तो देता येतो. डेक्सामेथासोनचं साधं, स्वस्त इंजेक्शन आहे ते, बारा-बारा तासांनी चार वेळा द्यायचं. कळा थोड्या लांबवायच्या गोळ्याही मिळतात. त्यांनी बाळंतपण टळत नाही, पण दोन दिवस हाताशी लागतात, आणि पंचविसाव्या आठवड्यात दोन दिवस ही मोठी गोष्ट आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं, यात खोटं कुणीच बोलत नाहीये. प्रत्येकाची मोजणी वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते.

समजा दोन दवाखाने आहेत आणि वर्षभरात दोघांकडे अठ्ठावीस आठवड्यांच्या आतली वीस-वीस बाळं जन्मली. पहिल्या दवाखान्यात त्यातल्या सहा बाळांना जन्मल्यावर श्वास देण्याचा प्रयत्नच झाला नाही. फारच लहान आहेत म्हणून ती बाळंतपणाच्या खोलीतच गेली. चार बाळांच्या घरच्यांनी दोन-तीन दिवसांत, पैशांपायी किंवा धीर सुटल्यामुळे, डॉक्टरांचा सल्ला नसताना सही करून बाळ घरी नेलं. राहिली दहा. त्यातली सात बरी होऊन गेली. हा दवाखाना मनापासून म्हणतो, आमच्याकडे दहातली सात वाचतात. दुसऱ्या दवाखान्याने वीसही बाळांवर उपचार केले, घरच्यांना धरून ठेवलं, आणि दहा बाळं घरी गेली. तो म्हणतो, निम्मी. ऐकणाऱ्याला पहिला दवाखाना भारी वाटतो. पण वीस आयांच्या बाजूने मोजा. पहिल्या दवाखान्यातून सात आया बाळ घेऊन गेल्या, दुसऱ्यातून दहा.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पण असा हिशेब मी प्रत्यक्षात इतक्या वेळा पाहिला आहे, की कुणी टक्केवारी सांगितली की माझ्या तोंडून आधी एकच प्रश्न निघतो: कितीपैकी किती? पोटात जिवंत असलेल्यांपैकी, जिवंत जन्मलेल्यांपैकी, काचेच्या पेटीत ठेवलेल्यांपैकी, की पहिला आठवडा काढलेल्यांपैकी? प्रत्येक पायरीला छेद लहान होत जातो आणि टक्का वाढत जातो. जन्मल्यावर दोन-चार वेळा धापा टाकून गेलेलं बाळ काही ठिकाणी कागदावर मृत जन्मलेलं म्हणून लिहिलं जातं. ते तर हिशेबातूनच पुसलं जातं. हे मला फार लागतं. त्या आईने बाळाची हालचाल पाहिलेली असते.

दुसरी गफलत आठवड्यांची. अठ्ठावीसच्या आतली बाळं म्हणून चोवीस आणि सत्तावीस आठवड्यांची बाळं एकाच टोपलीत घालता येत नाहीत. या वयात एकेका आठवड्याने चित्र पालटतं. शिवाय ज्या दवाखान्यात आजूबाजूच्या चार तालुक्यांतून गार पडलेली, निळी झालेली बाळं पाठवली जातात, त्याचा आकडा वाईट दिसणारच. अवघड बाळं पुढे पाठवून देणाऱ्याचा चांगला दिसेल.

हा फरक फक्त आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या चोवीस मोठ्या दवाखान्यांतल्या, सत्तावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ४,९८७ बाळांचा अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सगळे दवाखाने एकाच संशोधन जाळ्यातले, यंत्रं सगळ्यांकडे चांगली. तरीही बाविसाव्या आठवड्यातल्या बाळांवर उपचार करायचे की नाहीत, यात एका टोकाचे दवाखाने जवळजवळ कुणावरच करत नव्हते आणि दुसऱ्या टोकाचे सगळ्यांवर करत होते. बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यातल्या जगण्या-वाचण्यात दवाखान्या-दवाखान्यांत जो फरक दिसला, त्यातला ७८ टक्के फरक उपचार सुरू केले की नाही, एवढ्या एका गोष्टीने समजावता येत होता. चोविसाव्या आठवड्यात हा वाटा २२ टक्क्यांवर आला. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यात मात्र जवळजवळ सगळ्याच बाळांवर सगळीकडे उपचार होत होते, आणि तिथे जो फरक उरला तो उपचार कसे झाले याचा होता. सव्वीस आठवड्यांच्या शंभर बाळांतली एक्क्याऐंशी तिथे वाचली. हे आकडे तिकडचे, २००६ ते २०११ मधले. ते उचलून बेळगावला लावू नका. पण त्यातून मिळणारी शिकवण आपल्यालाही लागू आहे.

"एवढं लहान जगत नाही" हे वाक्य त्यामुळे मला नुसतं निदान वाटत नाही, ते वाक्यच पुढचं ठरवतं. जगत नाही म्हणून स्टिरॉईड दिलं जात नाही, बालरोगतज्ज्ञांना बोलावलं जात नाही, बाळ ट्रेमध्ये ठेवून आधी आईकडे पाहिलं जातं, ते गार पडतं आणि जातं. मग डॉक्टर म्हणतात, बघा, जगत नाही. त्या डॉक्टरीणबाईंवर माझा राग नाही. त्यांच्या खोलीत खरंच ते बाळ जगलं नसतं, कारण तिथे पेटी नाही, नाकातून दाबाची हवा देऊन श्वासाला आधार देणारं सीपॅप यंत्र नाही, रात्रीची सिस्टर नाही. त्या त्यांच्या छपराखालचं खरं सांगत होत्या. त्याच वेळी, इथून तासाभरावर वेगळं होऊ शकतं, एवढं सांगायला हवं होतं. आपल्याकडे जुन्या बायका म्हणतात, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. तेही तितकंच चुकीचं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या बेळगावची आहे आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यात आहे.

१९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी दाखवलं, की मुदतीआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टिरॉईड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. श्रीमंत देशांत हे रुळलं. मग प्रश्न आला, की हेच इंजेक्शन खेड्यापाड्यांत पोचवलं तर? सहा देशांत प्रयोग झाला. भारतात त्याच्या दोन जागा होत्या, एक बेळगाव आणि दुसरी नागपूर. निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. सगळ्यात लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण बाळांत हजारामागे साडेतीन मृत्यू उलट वाढले. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही जास्त दिसली. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बऱ्याच आया मुदतीआधी बाळंत झाल्याच नाहीत. दिवसांचा हिशेब अंदाजाने होता, आणि बाळ जन्मल्यावर त्याला सांभाळणारी जागा पुष्कळ ठिकाणी नव्हती.

त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या एकोणतीस दवाखान्यांत पुन्हा प्रयोग घेतला. त्यातही बेळगाव होतं. या वेळी दिवस सोनोग्राफीने मोजले, आईला जंतुसंसर्ग नाही हे पाहिलं, आणि नवजात बाळाची बरी सोय असलेलेच दवाखाने घेतले. २०२० मध्ये निकाल आला. सव्वीस ते चौतीस आठवड्यांतल्या बाळांत, इंजेक्शन मिळालेल्या गटात १९.६ टक्के बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. म्हणजे साधारण पंचवीस आयांना इंजेक्शन दिलं की एक बाळ जास्तीचं वाचलं. फायदा इतका स्पष्ट दिसला की प्रयोग मुदतीआधीच थांबवला.

इंजेक्शन तेच होतं, गाव तेच होतं. बदललं ते एवढंच, की दिवस नीट मोजले आणि बाळ जिथे जन्मलं तिथे त्याला झेलायला हात होते. माझ्या मते दवाखान्या-दवाखान्यांतला फरक याहून चांगला कुणी समजावून सांगू शकत नाही.

झेलायचे हात म्हणजे काय, तेही सांगतो. काही दिवसांपूर्वी आमच्याकडे सव्वीस आठवड्यांचं, ७६० ग्रॅमचं एक बाळ होतं. पाऊण किलो म्हणजे भाजीच्या पिशवीतले पाच-सहा कांदे. कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजता याव्यात, आणि चिकटपट्टी जोरात ओढली तर कातडीच निघून यावी. जन्मल्यावर त्याला पुसलं नाही. ओलंच, गळ्यापर्यंत प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत घातलं आणि डोक्याला टोपी घातली, कारण अशा बाळाचं अंग पुसून कोरडं करेपर्यंत ते गार झालेलं असतं. नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबलो. नाकातून सीपॅपची हवा दिली, दोन तासांनी फुप्फुसांत ती उघडी ठेवणारं सर्फॅक्टंटचं औषध सोडलं.

हे सगळं डॉक्टरचं काम झालं आणि ते तासाभरात संपलं. त्यापुढचे सत्तर-ऐंशी दिवस त्या बाळाचा जीव सिस्टरच्या हातात होता. रात्री तीन वाजता मी तिला पाहत उभा होतो. पेटीची खिडकी उघडण्याआधी तिने जंतुनाशकाने हात चोळले, मग ते गरम होईपर्यंत थांबली. ऑक्सिजनचा आकडा ९७ दाखवत होता. तिने बटण जरासं कमी केलं, आकडा ९३ वर आला तेव्हा हात काढला. ऑक्सिजन कमी पडला तर बाळ दगावतं आणि जास्त झाला तर डोळ्याचा पडदा बिघडतो. म्हणून तो साधारण ९० ते ९५ मध्ये ठेवायचा असतो, आणि दिवसातून शंभर वेळा कुणीतरी ते बटण फिरवायचं असतं. मग तिने आईचं दूध एक मिलिलिटर सिरिंजमध्ये घेऊन नळीला जोडलं आणि ते आपोआप उतरू दिलं, ढकललं नाही. बाळाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर केलं, मान सरळ ठेवून. पहिले तीन दिवस मेंदूतल्या नाजूक शिरा फुटायचा धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून डोकं झटक्याने वळवायचं नाही. तिच्याकडे त्या रात्री दोनच बाळं होती. तिच्याकडे आठ असती तर तिने हात चोळले असते का? पाच मिनिटांत आठ पेट्यांचे आवाज वाजत असताना कुणीही चोळणार नाही.

म्हणून दवाखाना पाहायला गेलात तर व्हेंटिलेटरची कंपनी विचारू नका. रात्री किती बाळांमागे एक सिस्टर असते, ते विचारा. व्हेंटिलेटरवरच्या एक-दोन बाळांमागे एक, असं उत्तर आलं तर त्या दवाखान्यावर भरवसा ठेवा. पुष्कळ ठिकाणी यंत्रं नवीकोरी असतात आणि सिस्टर सहा महिन्यांत बदलत असतात.

आपल्या देशात या बाळांचा मोठा वैरी जंतुसंसर्ग आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या दवाखान्यांत हजारो नवजात बाळांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये तो छापून आला. रक्तात सापडलेले जंतू बहुतेक असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला यांसारखे होते, आणि त्यातले पुष्कळसे नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. हे जंतू हातांवरून, नळ्यांवरून, सलाईनच्या बाटल्यांवरून फिरतात. एकाच शहरातल्या दोन विभागांत इथेच मोठा फरक पडतो. एका ठिकाणी दारात हात धुवायला नळ, कोपराने उघडायचा, आणि कुणी मोठे डॉक्टर आले तरी सिस्टर त्यांना अडवते. दुसऱ्या ठिकाणी नातेवाईक चप्पल बाहेर काढतात, पण मोबाईल हातात घेऊन आत येतात. चप्पल काढून काही होत नाही, हात धुवायला हवेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या विभागात काम करत होतो, तिथे दोन आठवड्यांत चार बाळं एकाच जंतूने गेली. शेवटी तो हात धुवायच्या साबणाच्या बाटलीत सापडला, कारण ती बाटली रिकामी झाली की न धुता पुन्हा भरली जात होती. त्यातल्या एका बाळाला त्या दिवशी ३६ दिवस झाले होते, आईचं दूध पूर्ण घेत होतं. ते बाळ मी विसरलेलो नाही.

आईच्या दुधाबद्दल थोडं. या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो आजार होतो, तो आईच्या दुधावरच्या बाळांत कमी आणि पावडरच्या दुधावर जास्त होतो. बहिणीने बाळंत झाल्यापासून पहिल्या काही तासांतच दूध पिळायला सुरुवात करायची आहे. पहिल्या दिवशी दोन थेंब आले तरी ते फेकायचे नाहीत. दूध कमी येतंय म्हणून लगेच डबा आणून देणारा दवाखाना आणि आईजवळ बसून दूध काढायला शिकवणारा दवाखाना, यांच्यात महिन्याभराने आकडे वेगळे दिसतात. बाळ जरा स्थिरावलं की आईच्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं. आजी आणि बाबाही ठेवू शकतात.

आता वाटेबद्दल. पोटातलं बाळ हलवायला सगळ्यात चांगली पेटी आईचीच. इंग्लंडमधल्या अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या सतरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत लहान दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात हलवलेल्या बाळांत मेंदूला गंभीर इजा होण्याची शक्यता, मोठ्या दवाखान्यातच जन्मलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक होती. तिथले रस्ते आणि तिथल्या रुग्णवाहिका असूनही. आपल्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. भीमगडच्या रानातल्या गावांतून बाईला डोलीत घालून आधी ओढ्यापलीकडे न्यावं लागतं, मग गाडी. त्या वाटेवर सातशे ग्रॅमच्या बाळाने काय करावं? म्हणून रानातल्या गावांतल्या ज्या बाईला आधी एकदा मुदतीआधी बाळंतपण झालंय, जुळी आहेत, किंवा बीपी वाढलंय, तिने सहाव्या महिन्यापासून शहराजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावं, असं मी सांगतो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची रीत चांगलीच आहे. फक्त आणताना, माहेरापासून असा दवाखाना किती लांब आहे, हेही पाहायला हवं.

बेळगाव की कोल्हापूर, याचं उत्तर याच हिशेबात आहे. खानापूरहून बेळगाव पाऊण तासावर. कोल्हापूरला जायचं म्हणजे बेळगाव ओलांडून पुढे हायवेने अजून शंभरेक किलोमीटर. कळा सुरू असताना ते करू नका. हाच प्रश्न कोल्हापूरला जवळ असलेल्या निपाणीच्या माणसाने विचारला असता तर मी कोल्हापूर म्हटलं असतं. राज्याची हद्द बाळाला कळत नाही, पण कागदांना कळते, हे मात्र खरं. बहिणीचं गरोदरपणाचं चंदगडकडचं कार्ड महाराष्ट्राचं, इथे कर्नाटकात त्यासाठी तायी कार्ड (आईचं कार्ड) चालतं. दोन्ही कागद, रेशन कार्ड, आधार, सगळं एका पिशवीत ठेवा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. आपलं गाव त्यात बसतं का आणि निवडलेला दवाखाना कोणत्या योजनेत आहे, हे दाखल होताना तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, विचारून घ्या. पिग्मीची बचत मोडण्याआधी आणि सोनं गहाण ठेवण्याआधी विचारा. मुक्काम अडीच-तीन महिन्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात सगळे पैसे संपवून दुसऱ्या महिन्यात बाळ सही करून नेलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ते बाळ बहुतेक वेळा तोवर सगळ्यात अवघड टप्पा पार करून आलेलं असतं.

भाषेचंही सांगतो, कारण सीमाभागात ही छोटी गोष्ट नाही. एकदा सिस्टरने बाहेर बसलेल्या आजीला कानडीत विचारलं, "हालु तंदीरा?" दूध आणलंत का, एवढंच. रानाकडच्या त्या आजीला कानडी येत नव्हतं. तिला फक्त 'हाल' ऐकू आलं आणि ती बाळाचे हाल चालले आहेत समजून जिन्यातच बसून रडायला लागली. संमतीचे कागद इंग्रजीत किंवा कानडीत असतील तर कुणाकडून तरी मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आम्हाला मराठीत सांगा. बेळगावात सांगणारा माणूस प्रत्येक दवाखान्यात असतो, फक्त मागावा लागतो.

दवाखान्यात गेल्यावर काय विचारायचं? गेल्या वर्षी तुमच्याकडे पंचवीस आणि सव्वीस आठवड्यांची किती बाळं जिवंत जन्मली, आणि त्यातली किती घरी गेली. इथेच जन्मलेली आणि बाहेरून आलेली, वेगवेगळी सांगा. सही करून किती नेली. घरी गेलेल्यांत मेंदूत मोठा रक्तस्राव झालेली, डोळ्यांना लेझर लागलेली, ऑक्सिजन घेऊन गेलेली किती. ज्यांच्याकडे वही असते ते वही उघडतात. वर्षाला अशी चार-पाचच बाळं येत असतील तर टक्केवारीला काही अर्थ नाही. एक बाळ इकडचं तिकडे झालं की आकडा वीस-पंचवीस टक्क्यांनी हलतो. अशा वेळी आकड्यापेक्षा उत्तर देण्याची तऱ्हा पाहा. "आमच्याकडे आठ आली, तीन गेली, एकाच्या डोळ्यांवर उपचार करावे लागले" असं सांगणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवेन. "काही काळजी करू नका, सगळी चांगली होतात" म्हणणाऱ्यांवर नाही.

डोळ्यांचं मुद्दाम लक्षात ठेवा. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांतच व्हायला हवी, बाळ पेटीत असलं तरी. कर्नाटकात २००८ पासून किडरॉप नावाचा उपक्रम चालतो. त्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन छोट्या गावांतल्या नवजात विभागांत जातात, आणि पडद्याचे फोटो लांबचे तज्ज्ञ पाहतात. जीव वाचला आणि तपासणी राहिली म्हणून नजर गेली, असं मूल समोर आलं की त्या आईला काय सांगावं सुचत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. वाचलेली सगळी बाळं पुढे धडधाकट असतात असं नाही. पंचवीस आठवड्यांच्या बाळात चालण्या-बोलण्यात उशीर, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नसणं), ऐकू कमी येणं, शाळेत मागे पडणं, हे मुदतीच्या बाळापेक्षा जास्त असतं. पुष्कळ मुलं चांगली चालतात, शाळेत जातात, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजू बाळंतपणाआधीच बहिणीला आणि मेहुण्यांना ऐकायला मिळाल्या पाहिजेत. सगळं ऐकून, बाळाची अवस्था फारच वाईट असेल तर त्याला यंत्रांवर न ठेवता आईच्या कुशीत ठेवायचं, असं एखाद्या घराने ठरवलं, तर मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण ते ठरवायचं असतं आईबापांनी, डॉक्टरांशी बोलून. मुलगी आहे म्हणून सासरच्यांनी ठरवायचं नसतं, आणि डॉक्टरांनी परस्पर तर नाहीच. मुलगी आहे कळल्यावर सहीचा कागद मागितल्याचं मी पाहिलंय. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका.

आता तुमच्या तीन उत्तरांबद्दल माझं मत. तालुक्याच्या गावी बाळंतपण नको. बेळगावातल्या दोन्हींपैकी 'निम्मी' म्हणणाऱ्यांकडे मी आधी जाईन आणि वरचे प्रश्न विचारेन. ते सगळी बाळं मोजत असतील, रात्रीच्या सिस्टर पुरेशा असतील आणि आज पेटी रिकामी असेल, तर तिथेच. पेटी रिकामी आहे का, ते निघण्याआधी फोनवर विचारा. दारात जाऊन जागा नाही म्हणून दुसरीकडे फिरण्यात जातो तो तास फार महागात पडतो.

आणि निघताना पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद विसरू नका. चंदगडला राहिला असेल तर मेहुण्यांना त्याचा फोटो आत्ता मोबाईलवर पाठवायला सांगा. शेवटच्या सोनोग्राफीत वजनाचा जो अंदाज लिहिलाय तो शंभर ग्रॅम इकडे-तिकडे होऊ शकतो, घरचा सातवा महिनाही धरता येत नाही. पंचवीस आठवडे चार दिवस हे त्या पहिल्या कागदावरूनच कळतं, आणि बाळंतपणाच्या खोलीत बालरोगतज्ज्ञ बाळ हातात घेण्याआधी तोच कागद मागतील.